झाकणावरचा तांब्या

नोएडा, रविवार संध्याकाळ

बाबांना इथे आणल्यापासून ते धड जेवत नाहीत, म्हणून आज दडपे पोहे केले. आई करायची तसेच. पातळ पोह्यांत ओला नारळ, कांदा, लिंबू कालवून झाकलं आणि पोहे दडपायला झाकणावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. तांब्या आईचाच. पुण्याचं घर आवरताना तेवढा एक उचलून आणला होता.

पहिल्या घासाला बाबा थबकले. मग भराभर खायला लागले. चलो, बरं वाटलं. मी पुन्हा वाढायला गेले, तर त्यांनी ताटलीवर हात आडवा धरला. "पुरे. तुझ्या आईला राहू दे. ती मागून बसते."

आई गणपतीच्या आधीच गेली, हे विसरले? की जुनी सवय? पण सवय तरी कुठली! ती होती तेव्हा पातेल्यात तिच्यापुरतं उरलंय का, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. हात धुऊन उठायचे. ती तळ खरवडून खायची.

मी "बरं" म्हटलं. उरलेले पोहे झाकले, वर तांब्या ठेवला.

बाबा अजून टेबलापाशीच बसलेत.