न विचारता घेतलेला वाटा

आई,

गेल्या महिन्यात इथे पोलिसांनी माझी गाडी थांबवली आणि डिकी उघडायला सांगितली. आत थर्माकोलचा डबा होता, डब्यात मटण. मी घाबरले होते. पण काय करायचं हे ठरवण्याआधीच माझा हात झाकणाकडे गेला. झाकण काढून त्या पोलिसाला थोडं द्यावं, असं हाताने परस्पर ठरवून टाकलं होतं. हाताला ते शिकवलंस तू. म्हणून तुला लिहिते आहे.

तू गेलीस त्यानंतर मी अमिरातीत, दुबईच्या पलीकडे रास अल खैमाला आले आणि इथेच राहिले. टाइल्सच्या कारखान्यात, लॅबमध्ये काम करते. मुलगी सतरा वर्षांची आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. शहर संपून डोंगर सुरू होतात तिथे एका म्हाताऱ्या अरबाची वाडी आहे. खजुराची झाडं, शेळ्या, कोंबड्या, भोवती तारेचं कुंपण. त्याला सगळे अरबाब म्हणतात, म्हणजे धनी. तो क्वचित येतो. वाडी सांभाळतो पेशावरकडचा एक म्हातारा रखवालदार, त्याला आम्ही चाचा म्हणतो. अंडी आणायला म्हणून आम्ही तिथे जायला लागलो. चाचाच्या खोलीची जमीन मातीची होती. कारखान्यात रंग चुकलेल्या टाइल्सचा ढीग पडलेला असतो. मॅनेजरला विचारून मी खोलीपुरत्या टाइल्स त्याला नेऊन दिल्या. तेव्हापासून रविवारी गेलं की तो काही ना काही देतो. दूध आटलेली शेळी कापली की तिची मांडी. जास्तीचा कोंबडा. अरबाबकडे मेजवानी झाली की उरलेलं कच्चं मटण. सुरुवातीला मी पैसे पुढे केले तर म्हणाला, "बाजी, फर्श का पैसा मैंने दिया क्या?" बाजी म्हणजे ताई. बाजारात मटणाचा भाव ऐकला की मी अजून मनात त्याचे रुपये करते आणि पुढच्या दुकानात जाते. पण चाचाने दिलेलं मटण मला फुकटचं कधी वाटलं नाही. तो वाटा आहे असंच वाटायचं.

वाटा हा शब्द तुझ्या तोंडचा. आपल्या गावात शिकारीत रानडुक्कर पडलं की सागाच्या पानांवर वाटे मांडले जायचे. बंदूकवाल्याचा एक, रान उठवणाऱ्यांचे, कुत्र्यांचासुद्धा. वाटे घालताना कुणी वाटेवरून गेलं तर त्यालाही एक. आणि घरात पुरुष नाही म्हणून आपल्या घरी एक. अण्णा गेल्यानंतर आपल्या घरात मटण आलं ते तेवढंच. कुणीतरी मागच्या दाराने पानात बांधलेलं आणून ठेवायचं आणि न बोलता जायचं. मी एकदा विचारलं होतं, कुठे पडलं, कुणी मारलं. तू म्हणालीस, "वाटा आला की घ्यायचा. कुठनं आला ते इचारायचं नाय. इचारलं की तो वाटा ऱ्हात नाय, चोरी होते." माझ्या लहानपणी मला ही गोष्ट फार शहाणी वाटायची.

आणि तो दिवस. मागच्या पडवीत मडकं चुलीवर आहे, रटरटतंय. तू जंगली मटण घरातल्या चुलीवर कधी शिजवलं नाहीस. पुढच्या ओट्यावर वनखात्याचा गार्ड येऊन बसलाय. तो पाणी मागतो. पाणी पितो आणि उठत नाही. वारा पडवीकडून ओट्याकडे येतोय. तू दारात उभी आहेस, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. गार्ड तुझ्याकडे न बघता मला विचारतो, "काय गो, आईनं काय रांधलंय आज?" मी म्हणते, "कुळथाचं पिठलं." मला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझा आवाज अगदी सरळ येतो. गार्ड मान हलवतो. तू आत जातेस आणि ताट घेऊन येतेस. तांदळाची भाकरी, वाटीभर लाल रस्सा आणि त्यात चार फोडी, डुकराच्या, चरबीसकट. ताट त्याच्या पुढ्यात ठेवून तू म्हणतेस, "हात धुवा. कुळथाचं पिठलं हाय." तो ताटाकडे बघतो. मला वाटतं की आता उठेल. तो हात धुतो, जेवतो, हाड चोखून ओट्याखाली टाकतो. "पिठलं झकास झालंय हां वयनी. जरा तिखट कमी." तो गेल्यावर तू दाराला टेकून खाली बसलीस. नंतर माझ्या ताटात तू सगळ्यात मोठी फोड वाढलीस. मला समजलं की हा माझा वाटा.

आता गेल्या महिन्यातला रविवार. माझा नवरा त्या आठवड्यात पुण्याला होता, त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी. मी आणि मुलगी वाडीवर गेलो. तिथे एक पिवळट कुत्री होती, कुठून तरी येऊन राहिलेली. चाचा तिला भाकरीचे तुकडे घालायचा आणि माझी मुलगी बिस्किटं न्यायची. ती कुत्रीशी खेळत फाटकापाशीच थांबली. चाचा नेहमीप्रमाणे बसा म्हणाला नाही, चहा टाकला नाही. खोलीतून डबा आणून त्याने माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बाजी, घर जाके फ्रीज में रखना. किसी को देना मत." त्याचे डोळे कुंपणाकडे होते. मी सवयीने झाकण उचललं. वरच एक मागचा पाय होता, घाईत नीट साफ न केलेला. त्याला बारीक काळा खूर तसाच होता, खुराच्या वर तांबूस केसांची पट्टी. मांस गडद, चरबी नाही. शेळीचा पाय असा नसतो. भेकराचा असतो. सागाच्या पानावर मी तो पाहिला आहे. इथल्या डोंगरात भेकर नाही, हरीण आहे, आणि ते मारणं हा मोठा गुन्हा आहे. नोकरी, व्हिसा, मुलीचं शेवटचं शाळेचं वर्ष, सगळं एका दिवसात खलास होऊ शकतं. चाचाचंही.

चाचाने तोंड उघडलं. "बाजी, वो ऐसा हुआ के..." मी त्याला थांबवलं. "रहने दो चाचा. कुछ मत बताओ." मला वाटलं, मी त्याला वाचवलं. झाकण लावलं, डबा डिकीत ठेवला, मुलीला हाक मारली. परत द्यावा असं एकदाही मनात आलं नाही. आलेला वाटा परत कसा करतात ते मला माहीत नाही.

मुख्य रस्त्याला लागलो आणि पुढे पोलीस गाड्या थांबवत होते. तपासणी कसली ते कळलं नाही. तरुण पोलीस, दाढी नीट कोरलेली. लायसन्स बघितलं, गाडीचे कागद बघितले. मग डिकी. आम्ही दोघी खाली उतरलो. डब्याच्या कोपऱ्यातून गुलाबी पाणी गळून चटईवर ओल आली होती. "शू हादा?" त्याने विचारलं. हे काय. आणि तेव्हा माझा हात झाकणाकडे गेला. तोंडातून इंग्रजी शब्दही निघाले, सर, प्लीज, घरी न्या थोडं. मी झाकणाची कड उचलली होती. तेवढ्यात मुलीने स्वतःचा पंजा झाकणावर दाबून ठेवला. जोरात, माझ्या बोटांसकट. ती पोलिसाकडे बघून हसली. "इट्स गोट, ऑफिसर. वी गेट इट फ्रॉम अ फार्म एव्हरी संडे. माय मदर फीड्स एव्हरीवन." त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझी बोटं तिच्या पंजाखाली दुखत होती. "बिर्याणी?" तो म्हणाला. "इन्शाल्ला," ती म्हणाली. तो हसला. "यल्ला, गो."

तिने डब्यात पाहिलेलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. गाडीत बसून तिने पट्टा लावला. मग म्हणाली, "इट्स नॉट गोट, इज इट?" मी म्हटलं, "तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "यू वेअर गोइंग टू गिव्ह अ कॉप सम मीट, आई. हू डझ दॅट?"

घरी मी ते शिजवलं. टाकून द्यायला कचऱ्याच्या खोलीत न्यावं लागलं असतं, तिथे कॅमेरा आहे, वॉचमन आहे. शिजवणं सोपं होतं. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलेलं कारण. खिडक्या लावून घेतल्या, पंखा चालू केला, सुकं खोबरं भाजून वाटण केलं, तुझ्यासारखं. आम्ही टेबलावर बसलो. तिने स्वतःसाठी अंडं तळून घेतलं होतं. मी एक चांगली मोठी फोड तिच्या ताटात वाढली. तिने ती फोड चमच्याने उचलली आणि परत पातेल्यात ठेवली. "आय लाइड फॉर यू. दॅट वॉज फ्री. आय डोन्ट वॉन्ट अ शेअर." रागाने नाही म्हणाली. मीठ दे म्हणावं तसं म्हणाली.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. फाटकात अरबाबची गाडी उभी होती, मागे त्याच्या ड्रायव्हरचा पिकअप. तो खुर्चीवर बसला होता, चाचा बाजूला उभा, हात पुढे बांधून. त्याच्या पिढीचे अरब बऱ्यापैकी हिंदी बोलतात. त्याने मला खजूर दिले, घरच्यांची विचारपूस केली. मग म्हणाला, "उधर तार में खून है. बाल भी है, गजाल का. ये बोलता है कुत्ता ले गया. तुम हर हफ्ते आती है. तुमने कुछ देखा?"

आई, माझ्या पोटात ते हरीण होतं. मला दुसरं उत्तर देताच येणार नव्हतं. माझा आवाज सरळ आला, ओट्यावर आला होता तसाच. "नहीं अरबाब. हाँ, कुत्ते बहुत हो गए हैं इधर."

अरबाब उठला. "ऐसा कुत्ता मेरे को नहीं चाहिए." ड्रायव्हरला त्याने अरबीत काहीतरी सांगितलं. ड्रायव्हरने भाकरी दाखवली आणि कुत्री आपण होऊन पिकअपमध्ये चढली. चाचा जमिनीकडे बघत होता. दोन्ही गाड्या निघून गेल्या. कुठे नेली, ते मी विचारलं नाही.

मग चाचा बोलला. पहाटे नमाजाला उठला तेव्हा हरीण तारेत अडकलेलं होतं. "टाँग टूट गई थी बाजी. तड़प रहा था. अरबाब को फोन किया, लगा नहीं. मैंने बिस्मिल्ला कर दिया." बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली होती, शिकार नव्हती. त्याला भीती वाटली की कुणी विश्वास ठेवणार नाही. "आप पढ़ी-लिखी हो. मैंने सोचा आप को बताऊँगा, आप बोलोगी क्या करना है." आणि मी म्हटलं होतं, कुछ मत बताओ. त्या दिवशी मी ऐकून घेतलं असतं तर तिथूनच अरबाबला पुन्हा फोन लावला असता. हरीण त्याच्या पुढ्यात असतं, मोडलेल्या पायासकट. सांगण्यासारखं खरं होतं. मी ते आपल्या पद्धतीने झाकलं, आणि झाकल्यावर ते गुन्ह्यासारखं दिसायला लागलं.

आपल्या गावात चालत होतं ते, आई. तिथे गार्ड ताट पुढे घ्यायचा. तिथे कुत्र्यांचाही वाटा असायचा.

मुलगी रोज विचारते. पहिल्या दिवशी विचारलं, "व्हेअर डिड दे टेक हर?" मी म्हटलं, दुसऱ्या वाडीवर. "व्हिच वन?" मी म्हटलं, माहीत नाही. "देन आस्क." तिच्या बॅगेत बिस्किटांचा पुडा अजून आहे. काल तिने चाचाचा नंबर मागितला. मी अजून दिलेला नाही. दिला की ती विचारेल, आणि चाचा तिला सगळं सांगेल, कारण ती त्याला थांबवणार नाही.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मग त्यालाही एक वाटा द्यावा लागला असता. म्हणून हे कुठे जाणार नाही. नंबर मी आज तिला देणार आहे. तिने एक गोष्ट मात्र विचारलेली नाही, ती तुला सांगते. त्या दिवशी तिने परत ठेवलेली फोडसुद्धा मीच खाल्ली. मटण चांगलं झालं होतं. मी पुन्हा वाढून घेतलं.