रजनीचे ताट

डोंबिवली,
मे १९५४

प्रिय रेजिना,

तुझ्या वडिलांची गिटार दुरुस्त झाली, ही बातमी आधी देते. पुढचे वाचून तू रागावलीस तरी एवढा आनंद तुझा राहील. तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी अर्धी सुटून वर आली होती. ‘मी पुस्तकात वाचले आहे, मी करते,’ असे मोठ्या तोऱ्यात म्हणाले खरी. पण पुस्तकातले एकही हत्यार आमच्या घरात नव्हते. मग तापवलेले उलथणे घोडीखाली हळूहळू सरकवून ती सोडवली, जुना सरस दादाच्या दाढीच्या पात्याने खरवडला, नवा सरस डब्यात भिजवून शेगडीवर गरम पाण्यात पातळ केला. घोडी बसवल्यावर वर शब्दकोशाचे दोन खंड ठेवले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने सगळे करकचून बांधले. आता तारा ताणल्या तरी ती हलत नाही. तुझ्या भावाच्या लग्नात खुशाल वाजवा.

सरस कातड्या-हाडांचा असतो आणि आमच्या घरात अंडेही येत नाही. आवडाआत्याने स्वयंपाकघरातून विचारले, ‘काय शिजतंय गं?’ मी म्हटले, पुस्तकांसाठी खळ. ‘खळीला चामड्याचा वास कधीपासून यायला लागला?’ म्हणत तिने शेगडी अंगणात नेऊन शेणाने सारवली. पण तिचा राग दुधासारखा. उतू जातो नि लगेच खाली बसतो. संध्याकाळी तीच गिटारीवरून हात फिरवत म्हणाली, ‘कुणाचं गं हे खोकं?’ वर्गातल्या एका मुलीचे, असे मी सांगितले. ‘तिला नाव नाही का?’ प्रश्न संपण्याआधी मला उत्तर सुचते, हे तू शाळेपासून पाहिले आहेस. तसेच सुचले. मी म्हणाले, रजनी.

आत्या प्रसन्न झाली. ‘रविवारी न्यायला येणार ना? मग जेवूनच जा म्हणावं. उन्हातान्हाची ठाण्याहून यायची पोर!’ तेव्हापासून घरात रजनीचाच विषय. रजनीला तिखट चालते का, आमरस आवडतो का. उत्तरे मी तुझीच देते; नाव तेवढे तुझे नसते.

खरे सांगते, ‘एका दुपारपुरती रजनी हो’ अशी विनंती करायलाच मी हे पत्र लिहायला घेतले होते. तू हसून ‘बरं’ म्हणाली असतीस, याचीच मला अधिक लाज वाटते. आता उठून आत्याला तुझे नाव सांगणार आहे. त्यानंतर ती तुझे ताट मांडील की नाही, ठाऊक नाही. आणि ते ठाऊक नसताना तुला उंबऱ्यापाशी उभी करणे मला जमणार नाही. तू येऊ नकोस, गिटार घेऊन मीच येते. आजवर तुमच्या घरी मी नेहमी ‘जेवून आले’ म्हणत आले आणि तुझ्या आईने एकदाही आग्रह केला नाही. तिला कारण कळत होते. या रविवारी मी न जेवता येते आहे, एवढे तिला सांग.

मान खाली घातलेली, तरी तुझीच,
सुहासिनी