पेटीतले गुरुजी आणि माझे मुंडण

पुणे, वसतिगृह
आश्विन वद्य पंचमी

तीर्थस्वरूप नाना यांच्या पायांवर पुतण्या जयसिंगचे डोके. (डोक्याची सध्याची अवस्था पुढे येईलच.) इकडे क्षेम आहे, म्हणजे जेवतो-खातो, झोप मात्र लागत नाही. आपली पाठीची उसण कशी आहे? मालगाडीच्या शेवटच्या, गार्डाच्या डब्यात वारा फार लागतो, तेव्हा कानाला मफलर गुंडाळत जावे. काकींचे गुडघे आणि त्यांची शेळी, दोघांचेही बरे चालले असेल अशी आशा आहे. हे पत्र टपालात न टाकता दौंड पॅसेंजरच्या गार्डाच्या हाती मुद्दाम दिले आहे. कारण मी सांगणारच आहे, पण एकदम सांगायला तोंड होत नाही. एवढेच करा, की हे पत्र घरी जाण्याआधी स्टेशनातच वाचा, आणि काकींच्या हाती सध्या कुठलाच कागद तुमच्याआधी पडू देऊ नका.

तर पहिल्यापासून सांगतो. कॉलेज सुरू झाले तेव्हा पुस्तके निवडायला आपण रजा काढून येणार होता आणि ‘मला कळते’ असे म्हणून मी आपल्याला नको म्हटले होते. मला काय कळत होते, तर वजन! आबा कुठलीही वस्तू आधी हातात तोलून बघतात, मग तो कोहळा असो नाहीतर कुलूप. त्यांच्या पसंतीस उतरावे म्हणून मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात ॲनाटमीचे सगळ्यांत जड पुस्तक उचलले. खोलीवर येऊन उघडतो तर तो निघाला दुसरा भाग. त्यामुळे माणूस मला छातीपासून वर बऱ्यापैकी येतो, हातपाय आले की शेजारच्या खोलीत जाऊन पुस्तक मागावे लागते. मग टेबलावर ठेवायला दिवा घेतला, तो विजेचा, हिरव्या काचेच्या टोपीचा. सुट्टीत अभ्यासाला म्हणून तो गावी नेला. आपल्या भरे गावात वीज नाही ही गोष्ट, त्याच गावात जन्मून, माझ्या ध्यानात आली नाही. चिरफाडीच्या हत्यारांची एक डबी घेतली आणि पास होऊन गेलेल्या एका विद्यार्थ्याकडून हाडांची पेटी घेतली. माणसाची खरी हाडे, नाना. ती लागतातच. परीक्षक हाड हातात देऊन विचारतात, आणि ते आधी हाताळलेले नसेल तर उजवे की डावे इथूनच बोंब होते.

दसऱ्याच्या सुट्टीला हे सगळे सामान घेऊन घरी गेलो. आईने पेटीवर हात ठेवून विचारले, “ह्यात काय हाय रं?” खरे सांगितले असते तर फार तर दोन दिवस गोठ्यात झोपावे लागले असते. पण मी पडलो शिकलेला! मी म्हणालो, “ते आमच्या विद्येचं दैवत आहे, त्याला शिवायचं नाही.” आईने तिथल्या तिथे हात जोडले आणि मी सुटलो असे मला वाटले. दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी होती हे मी साफ विसरलो होतो. ज्या घरात कोयत्याला, कुऱ्हाडीला, नांगराच्या फाळाला हळदकुंकू वाहिल्याशिवाय त्या दिवशी कुणी पाणी पीत नाही, त्या घरात मी धंद्याचे दैवत पेटीत घालून आणले होते.

नवमीला मी नदीवरून आंघोळ करून येतो तो ओटीवर गर्दी. भिंतीशी सगळी औतेहत्यारे घासूनपुसून मांडलेली, त्यांच्या रांगेत माझी चिरफाडीची सुरी, कात्री, चिमटे, ॲनाटमीचा दुसरा भाग (त्याच्या पुठ्ठ्यावर आबांनी दोन्ही अंगठ्यांनी गंध ओढले होते), हिरव्या टोपीचा दिवा, आणि मधोमध चौरंगावर झेंडूची माळ घातलेली पेटी. आबांनी सकाळीच घरोघर सांगितले होते की डाक्टरी विद्येचे दैवत आपल्या घरी उतरले आहे. शेजारच्या सारजाबाई नारळ घेऊन आल्या होत्या. न्हावी आपले वस्तरे पुजायचे सोडून माझी हत्यारे बघत होता आणि “पातं बरं हाय, मूठ हलकी हाय,” असा निकाल देत होता. मी पुढे होऊन म्हणालो की पेटी उघडायची नसते. त्यावर आबा म्हणाले, “दैवत हाय तर तोंड दिसू दे की मान्सास्नी! लांबनं आल्यात,” आणि त्यांनी कडी काढली.

कवटी सगळ्यांत वर होती. नाना, मी कॉलेजात पहिल्यांदा प्रेत पाहिले तेव्हाही एवढी शांतता नव्हती. आईने पदर तोंडाला लावला. लोक पळतील, मला बडवतील, पेटी नदीत जाईल, असे सगळे माझ्या मनात येऊन गेले. पण कुणी हलले नाही. सारजाबाईंनी नारळ खाली ठेवला आणि साधेपणाने विचारले, “कोन हुतं रं हे?” मी म्हणालो, ठाऊक नाही. “बाई का बापय?” तेही नीट सांगता येईना, कारण कंबरेचे हाड पहिल्या भागात येते. तीन महिने मी त्या माणसाला मांडीवर घेऊन बसत होतो, आणि तो कोण होता हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

पुढचे सगळे आबांनी ठरवले. या जिवाचे दिवस कुणी घातले नसणार, तर ते आपण घालायचे. दसरा सणाचा म्हणून सोडला (त्या दिवशी लोक आपट्याची पाने द्यायला आले ते चौरंगावरही एकेक पान ठेवून गेले) आणि एकादशीला पौडहून भटजी बोलावले. भटजींनी विचारले, मृताचे नाव काय, गोत्र काय, कर्त्याचे नाते काय? सगळे माझ्याकडे बघू लागले. तेव्हा आबा म्हणाले, “नाव ठावं न्हाई. पर पोरगं ह्येच्यावरच शिकतंय न्हवं? मग त्यो गुरूच झाला की त्येचा.” भटजींनी थोडा विचार केला आणि गुरूचे कार्य शिष्याला करता येते असे सांगितले. म्हणजे मला! मुळा नदीच्या काठावर न्हाव्याने माझे डोके आणि नुकतीच फुटलेली मिशी दोन्ही उतरवले. डोक्याला माझेच पाते लावून बघायचा त्याचा फार आग्रह होता, तो मी हात जोडून मोडला. पुढे पिंडाला कावळा शिवेना. आबांनी सांगून पाहिले की पोरगं मन लावून शिकंल. आईने सांगून पाहिले की पेटी देवाजवळ ठेवू, अडगळीत न्हाई. कावळे बाभळीवर बसून राहिले. ऊन चढले, भटजी घड्याळ बघू लागले. शेवटी मी मनातल्या मनात म्हणालो, पहिला भागही घेतो. कावळा उतरला. यावर मी शास्त्राचा विद्यार्थी म्हणून काहीच बोलू इच्छित नाही. हाडे नदीत सोडायला मात्र आबांनीच नकार दिला. गुरूला बुडवल्यावर पोरगं शिकणार कुणाजवळ? म्हणून नव्या पंच्यात बांधून ती माझ्याबरोबर परत पाठवली.

इथपर्यंत लाज घरची होती. आता परक्यांतली सांगतो. तुळतुळीत डोक्याने कॉलेजात शिरलो आणि पहिल्याच वळणावर ॲनाटमीचे सर भेटले. त्यांनी विचारले, “कोण गेलं?” हाडांच्या पेटीचे दिवस घालून आलो असे सांगितले असते तर माझे सगळे शिक्षण हशात गेले असते. वडील म्हणावे, तर धडधाकट आबा डोळ्यांपुढे आले. मग तोंडाला आले ते बोलून गेलो. मी म्हणालो, “काका.”

नाना, आबांना भाऊ तुम्ही एकटेच.

सर फार चांगले आहेत. त्यांनी चिरफाडीच्या हॉलमध्ये सगळा वर्ग आपल्यासाठी दोन मिनिटे उभा केला. सगळ्यांच्या माना खाली, टेबलांवर प्रेते, आणि मधोमध मी. मग सर म्हणाले की जयसिंग, तुझ्या काकांविषयी दोन शब्द बोल, मन हलके होईल. मी बोललो. बोलता बोलता खरोखर रडलो. मुलींच्या बाकावरही दोघी-तिघी रडल्या. तेव्हापासून खानावळीत मला आग्रहाने जास्तीचे दही वाढतात आणि ते मुकाट्याने खावे लागते. थोरामोठ्यांच्या जिवावर असले काही खाण्याची वेळ कुणावर येऊ नये.

आपल्याला तोंड दाखवण्याच्या लायकीचा राहिलो नाही, तरी आपलाच,
जयसिंग

ता.क. दिवाळीआधी फराळाचा डबा घेऊन आपण वसतिगृहावर येणार असे कळवले होते. कृपा करून येऊ नये. आलातच तर माझा मामा म्हणून यावे, आणि रेल्वेचा कोट घालू नये. वर्णन मी फार बारकाईने केले आहे.

ता.क. २. आता ज्यासाठी हे पत्र लिहिले ते. आमचे वॉर्डन फार सज्जन आहेत. त्यांनी रजिस्टरात पालक म्हणून लिहिलेला आपला दौंडचा पत्ता काढून काकींना सांत्वनाचे पत्र लिहिले आणि ते आज सकाळी टपालात पडले. मला त्यांनीच दुपारी सांगितले. तुम्ही दोन-दोन दिवस गाडीवर असता, आणि अशात ते पत्र घरी पोचले तर काकींनी खरे का मानू नये? तार करणार होतो, पण दारात तारवाला दिसला की काकी कागद फोडण्याआधीच बसकण मारतात, आणि तारेत मी लिहिणार तरी काय? हात जोडून सांगतो, पोस्टमनला वाटेत गाठा. नाहीच गाठ पडली तर धावत घरी जा आणि आधी दारातून मोठ्याने हाक मारा.

ता.क. ३. वॉर्डनांनी त्या पत्रात मी वर्गात बोललो ते, सरांकडून ऐकून, उतरून काढले आहे. की मी सहा वर्षांचा असताना तापाने फणफणलो, ओढ्याला पूर आल्याने बैलगाडी जाईना, तेव्हा तुम्ही मला पाठीशी बांधून पौडच्या दवाखान्यात नेलेत आणि वाटेत एकदाही खाली ठेवले नाहीत; आणि डॉक्टर व्हायचे ते मी त्या पाठीवरच ठरवले. हे तेवढे खरे आहे. तुमच्यासमोर बोलायला मला कधी जमले नाही. पत्र हाती आले तर बाकीचे खुशाल फाडा, पण तेवढा कागद ठेवा, आणि काकींना वाचून दाखवा. त्यांच्या समोर बसून.