ओटी योरिसला, चकरा झयानला

मी, ताजुद्दीन अब्दुल गफूर सरगुरोह, वय वर्षे सहासष्ट, मूळ राहणार मौजे वेसवी, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम बत्हा, रियाध, धंदा खेळाच्या सामानाचे दुकान, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाला भीक न घालता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. गेल्या वर्षीच्या झटक्याने माझी डावी बाजू गेली. उजवा हात आणि जीभ शाबूत आहेत, आणि घरात सगळ्यांना या दोघांचीच धास्ती आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला वरच्या मजल्यावरचे डॉक्टर उमाकांत शेवडे यांनी दिला आहे. दाखला देताना म्हणाले, "सरगुरोह, डोकं ठणठणीत आहे. मनाचा दाखला मात्र मी देणार नाही." मी मागितलाही नव्हता.

१. माझे वारस तीन. पत्नी हफीजा, मुलगा झयान, मुलगी तस्नीम. आमच्या शरियतप्रमाणे प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला आहे आणि बापाला मुलाचा हिस्सा कापता येत नाही. मी विचारून पाहिले. मौलवीसाहेबांना म्हटले, मुलाने बापाचा शब्द मोडला तर? म्हणाले, तरी नाही. मुलाने चार माणसांत बापाचे हसे केले तर? म्हणाले, "ताजुद्दीनसाहेब, तरी नाही. आता चहा घ्या." सबब झयानला जे मिळेल ते अल्लाच्या हुकमाने मिळेल. माझ्या हातून त्याला काही मिळाले असे त्याने कुठे सांगत फिरू नये.

२. मला मोकळ्या हाताने देता येतो तो फक्त एक तृतीयांश भाग, आणि तोही वारसाला नाही, बाहेरच्यालाच. खालची सगळी कलमे त्या तृतीयांशातली आहेत. हिशेब मौलवीसाहेबांनी बसवून दिला आहे.

३. बत्ह्यातले दुकान मी कोणालाही देत नाही, कारण ते कफीलच्या, म्हणजे मला इथे ठेवून घेणाऱ्या अरबी जामीनदाराच्या, नावावर आहे. उभा जन्म मी त्या गल्ल्यामागे उभा राहिलो आणि त्यातला एक खिळाही माझा नाही. कफील भला माणूस आहे, दर ईदला खजूर पाठवतो. खलास, विषय संपला.

४. वेसवीचे स्लॅबचे घर वारसांनी वाटून घ्यावे. परंतु पुढची ओटी मी योरिस फान हेल्डर, राहणार मूळ हॉलंड, व्यवसाय फुटबॉल, यांस देत आहे. पुढच्या दाराने घरात शिरायचे तर ओटी ओलांडावीच लागते. झयानला बापाच्या घरात पाऊल टाकायला एका डच माणसाची परवानगी लागावी, एवढाच माझा हेतू आहे. दुसरा कुठलाही गोड हेतू त्याला कोणी चिकटवू नये. वकील म्हणाले, परदेशी माणसाला आपल्याकडे जागा द्यायची म्हणजे सरकारी परवानग्या आल्या, चकरा आल्या. म्हटले, उत्तम! त्या चकरा झयानने माराव्यात.

५. योरिस कोण, हे वकिलांनी विचारले. त्यांच्यासारखे अडाणी आणखी असतील म्हणून लिहितो. ॲमस्टरडॅमच्या क्लबातून तो पहिला सामना खेळला तेव्हा सतरा वर्षांचा होता. दुकानातल्या टीव्हीवर मी पाहिला. डाव्या पायाने त्याने फ्री किक अशी वळवली की गोलकीपर कमरेवर हात ठेवून नुसता बघत राहिला. माझा झयान तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात खोक्यावर बसून शाळेचा अभ्यास करत होता. मी त्याची वही मिटली आणि म्हटले, "उठ. तू हा होणार."

झयान उजव्या पायाचा. हफीजा ओरडली, "जेवायला उजवा हात, मशिदीत उजवा पाय, आणि चेंडूला तेवढा डावा? अल्लाने दिलेला पाय काय भाड्याचा आहे?" बायकांना फुटबॉल कळत नाही. मी पोराच्या उजव्या पायातला बूट काढून घेतला. रियाधचे मैदान किती तापते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. अनवाणी पाय कोण चेंडूला लावील? महिन्याभरात डावा पाय शिकला. योरिस शिकला असेल त्यापेक्षा लवकर शिकला, हे खरे ते लिहितो.

६. योरिसच्या एकेका क्लबाची जर्सी मी जमवली, त्या जर्सींची वाटणी.

ॲमस्टरडॅमची जर्सी गुरुनाथ सरांना पाठवावी. ते झयानच्या शाळेत खेळाचे सर होते, हल्ली सांगलीत असतात. ते मला सगळ्या पालकांदेखत म्हणाले होते, "अहो, पोरगा उजव्या पायाने सोन्यासारखा खेळतो, का छळताय त्याला?" दुसऱ्या दिवशी मी झयानला त्यांच्या टीममधून काढले. जर्सीसोबत मैदानावरची माझी शिट्टी पाठवावी. सांगलीत कोणी ऐकणारे असेल तर वाजवतील.

मिलानची जर्सी वेसवीच्या माझ्या चुलत बहिणीला, इस्मतला. मिलानमध्ये योरिस दोन हंगाम बाकावर बसून होता. इस्मतचाही जन्म दुसऱ्यांच्या ओटीवर बसून चौकशा करण्यात गेला, तेव्हा जर्सी तिला शोभेल. "ताजू, पोराला लंगडा करून ठेवलास ना रे!" असे ती फोनवर म्हणाली होती. मी विसरलेलो नाही.

माद्रिदची जर्सी जाळावी. हे काम हफीजाने करावे, ती तेव्हापासून मागे लागली आहे. माद्रिदकडून अंतिम सामन्यात योरिसने पेनल्टी आकाशात मारली. मी रात्रभर तळमळलो. सकाळी झयानला मैदानावर नेले आणि तीच पेनल्टी त्याला मारायला लावली. पुन्हा मार म्हटले. पुन्हा मार. "अब्बा, बस करा ना, गुडघा दुखतोय," म्हणाला. योरिस मिलानच्या बाकावर रडला होता का? ऊन डोक्यावर आले आणि त्याच्या डाव्या गुडघ्यातून अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. गुडघा त्याचा, आवाजही त्याचा. मी फक्त चेंडू ठेवत होतो.

ऑपरेशननंतर हा शहाणा पलंगावरून मला इंग्रजीत म्हणाला, मी आता खेळणार नाही. मी मराठीत म्हटले, "मैदान सोडलंस ना? मग पुन्हा मैदानात पाय टाकायचा नाही. टाकलास तर मला अब्बा म्हणायचं नाही." झाले. आईच्या बांगड्यांवर पुण्याला गेला आणि लोकांचे पाय चोळायची विद्या शिकून आला. फिजिओथेरपिस्ट म्हणे!

लंडनची जर्सी माझा दोस्त सिराजुद्दीन याला मिळणार नाही, कारण तो मागतो. ती दुकानातल्या पुतळ्याच्या अंगात आहे, तिथेच राहावी. लंडनमध्ये योरिस कप्तान झाला. त्या वर्षांत मला झयानचे तोंड दिसले ते फक्त ईदला.

७. आता रियाधची जर्सी. पाय थकल्यावर योरिस इथल्या क्लबात आला. मला वाटले, माझ्यासाठी आला. बत्ह्यात त्याच्या नावाच्या जर्सी मी हातोहात विकल्या. एका सामन्यात तो मांडी धरून गवतावर पडला आणि बॅग घेऊन एक माणूस मैदानात धावला. तोंड दिसायच्या आधी मी धावण्यावरून ओळखला. डावा पाय किंचित ओढतो. माझा झयान! गवतावर गुडघे टेकून योरिसचा तो पाय, तोच पाय, मांडीवर घेऊन बसला होता.

दुकान भरलेले होते. माझ्या तोंडून निघून गेले, "वो मेरा लडका है." एक केरळचा गिऱ्हाईक हसला, "चाचा, आज तो सबका लडका है." सगळे हसले. माझ्या दुकानात, माझ्याच टीव्हीसमोर मी खोटा पडलो. घरी येऊन हफीजाला विचारले, तुला माहीत होते? म्हणाली, "होतं. त्यानेच सांगू नको म्हटलं. मैदानात पाय टाकला ना त्याने." आणि खरेच, तेव्हापासून झयान मला अब्बा म्हणत नाही. समोर येतो, सलाम करतो, औषध विचारतो, पण हाक मारत नाही. बापाचे सांगणे त्याने कधी नव्हे ते पाळले, आणि तेही नेमके हेच. मला त्याची इतकी चीड येते की घास उतरत नाही.

मला झटका आल्यावर तो दर जुम्म्याला येऊ लागला. म्हणतो, पाय हलवू द्या, व्यायामाने पाय परत येईल. शेवडे डॉक्टरही तेच म्हणतात. मी पायाला हात लावू दिला नाही. "जा, डच माणसाचे पाय दाब," म्हणतो. पाय आता लाकूड झाला आहे. माझा पाय आहे, मी त्याचे काहीही करीन.

मागच्या महिन्यात तो योरिसलाच घरी घेऊन आला. हफीजाने सांदणे केली होती. योरिस डावखुरा, डाव्या हाताने जेवला. ज्या बाईने लहानपणी डाव्या हाताने घास घेतला म्हणून झयानच्या हातावर उलथने मारले होते, तिने हसून त्याला आणखी दोन वाढली. मी बघत होतो. मग योरिस भिंतीसमोर उभा राहिला. माझा सगळा जन्म तिथे खिळ्यांना टांगलेला. त्याने काहीतरी विचारले. 

मी म्हटले, "काय म्हणतोय तो? सांग की!"

झयान खाली बघून म्हणाला, "विचारतोय, माझी जर्सी कुठली."

"तुझी? तू कुठे खेळलास?"

"मी तेच सांगितलं त्याला."

योरिसने माझ्याकडे पाहिले. माणसे मयतीच्या घरी पाहतात तसे पाहिले. मग पिशवीतून रियाधची जर्सी काढली, झयानला स्पेलिंग विचारले आणि सही करून माझ्या मांडीवर ठेवली. मी त्याची पहिली फ्री किक पाहिलेला माणूस. माझे नाव त्यावर असायला हवे होते. इंग्रजी अक्षरांत लिहिले आहे, झयानच्या अब्बांना. माझ्या घरात तो शब्द परत आला तो असा, परक्या माणसाच्या पेनाने. मी म्हटले, "यल्ला, निघा दोघे."

ही जर्सी जावई इमाद याने जेद्द्याला न्यावी आणि गाडीची काच पुसायला वापरावी. मात्र मी गेल्यावर. तोवर ती भिंतीवरून कोणी हलवू नये.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी इमादने करावी. तो जेद्द्याच्या अझीझिया भागात राहतो, बायकोला घाबरतो, म्हणजे काम वेळेवर होईल.

९. माझ्या मयताला गुसल देण्याचा पहिला हक्क मुलाचा असला तरी झयानने माझ्या अंगाला हात लावू नये. आंघोळ सिराजुद्दीन आणि इमाद यांनी घालावी.

(हे कलम रद्द. कारण पुढे.)

हे लिहून मी साक्षीदारांना वाचून दाखवले. सिराजुद्दीन माझ्याच गावचा, माझ्याबरोबरच इथे आलेला. त्याने पेन टेबलावर ठेवले.

"ताजूभाय, ह्याच्यावर मी सही करणार नाय."

"का? जर्सी दिली नाही म्हणून?"

"जर्सी घाल चुलीत! पोराकडून बापाची शेवटची आंघोळ काढून घेतोस? ओटी दे, घर दे, रस्त्यावर काढ त्याला. पण हे नाय. आणि मी तुला आंघोळ घालणार नाय. इमादलाही घालू देणार नाय. बस पडून!"

डॉक्टर शेवडे म्हणाले, हे तुमच्या धर्मातले आहे, मी काय बोलणार. पण तेही पेन उचलेनात. मी हफीजाला हाक मारली, म्हटले, तू तरी समजाव याला. ती स्वयंपाकघरातून बाहेरही आली नाही. तिथूनच म्हणाली, "पोरगं वर्षभर तुमचा पाय मागतंय. जिवंतपणी दिला नाहीत. मेल्यावरही नाय देणार?"

दोन साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र म्हणजे कागदाचा चिटोरा. माझा नाइलाज झाला, असे इथे स्पष्ट लिहितो. नाइलाजच झाला.

१०. कलम ९ ऐवजी हे वाचावे. मला गुसल झयानने द्यावे, एकट्याने. पाणी ओतायला इमाद चालेल. त्या वेळी झयानने मला काय हाक मारावी यावर माझी काही अट नाही, मी ऐकायला नसेन. रीत त्याला आईने शिकवली आहे. आधी वजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुणे, मग डोके, मग उजवे अंग, मग डावे. म्हणजे माझा डावा पाय सगळ्यात शेवटी येईल. तो आता परत यायचा नाही, मला काही कळायचे नाही आणि त्याच्या विद्येचा काडीचा उपयोग व्हायचा नाही. तरी तिथे त्याने घाई करू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो माझ्या मर्जीप्रमाणे आहे, कलम १० सोडून, असे म्हणणार होतो. तेही कलम तसेच राहू द्यावे.

ठिकाण: बत्हा, रियाध
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, जुम्मा

लिहून देणार: ताजुद्दीन अब्दुल गफूर सरगुरोह (सही)

साक्षीदार:
१. सिराजुद्दीन दाऊद मुकादम, मूळ राहणार वेसवी (सही)
२. डॉ. उमाकांत शेवडे, रियाध (सही)