उलट्या दिशेची लाट

४ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

बाबांचा दमा पुन्हा उसळलाय आणि छप्पर नेमकं त्यांच्या खाटेवर गळतंय. गंजलेले पत्रे बदलायला मिस्त्रीला चार कोरडे दिवस हवेत. घरात हवामानखात्याचा माणूस असताना मी मिस्त्रीच्या गुडघेदुखीवरून पाऊस ओळखायचा, म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. बाबा तर शेजाऱ्यांना सांगतात, आमच्या धाकट्याला विचारल्याशिवाय ढग हलत नाहीत. तेव्हा तारखा कळव. जेवणाची आबाळ करू नकोस.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
ताई

८ जुलै

ती. ताईस सा. न.

समुद्रावरचं बाष्प आणणारी हवेची मोठी लाट पूर्वेकडे सरकली. तिच्या मागे कोरडी हवा असते, म्हणून अकरा ते सोळा उघडीप. आमचं पत्रकही तेच सांगतं. बिनधास्त छप्पर उतरवून घे. बढतीच्या यादीत माझं नाव आहे. बाबांना सांग, ढगांनी शिफारस केलीय.

तुझा रागही लोभच समजणारा,
धाकटा

२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

बाबांना जाऊन पंधरवडा झाला. तू आलास, रडलास आणि सगळ्यांना समजावलंस की तेरा तारखेची ती छोटी लाट उलटी, पूर्वेकडून आली, आठवड्याचा पाऊस एका दुपारी ओतून गेली आणि आधी कुणालाच दिसली नाही. मीही मान डोलावली. उघड्या घरात भिजलेल्या बाबांना एका हाताने धरून दुसऱ्याने ताडपत्री ओढत होते, तेव्हासुद्धा मनातून तुझीच बाजू घेत होते.

काल तुमच्या खात्याचं मासिक आलं, तूच बाबांच्या नावे लावलेलं. त्यात तू अभिमानाने सांगतोस की ती लाट तू सात जुलैलाच नकाशावर आखली होतीस. मला पत्र लिहिलंस आठला. खरं काय ते कळव.

ताई

७ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

मासिकात आहे ते खरं. साहेबांना ती लाट पटली नव्हती. त्यांच्या सहीशिवाय अंदाज बाहेर सांगायचा नाही, घरच्यांनाही नाही, असा नियम आहे. मोडला असता तर बढती गेली असती. वाटलं, आलीच तर एखादी सर येईल. माफी मागायलाही तोंड नाही, तरी लोभ असू दे.

धाकटा

११ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

नियम कळला. लाट, बाष्प, दिशा यातलं काही सांगायला नकोच होतं. मिस्त्रीला थांबव, एवढंच लिहायचंस. मी कारण विचारलं नसतं.

ताई