पाठीतली सुई

२६ मार्च

आडवं होता येत नाही. पाठ टेकली की पोटातलं दुखणं सरळ पाठीत घुसतं. उशी मांडीवर घेऊन ओणवी बसले की जरा बरं. तशीच बसून लिहितेय. अक्षर वाकडं येतंय.

सागीन म्हणाला, "उद्या बिश्केकला, मोठ्या दवाखान्यात जायचं. गाडी सांगितलीय." मी म्हटलं, जमीन अजून नांगरायचीय, घेवडा कोण पेरणार? म्हणाला, "घेवड्याला हात आहेत का पाय आहेत? थांबेल."

जास्त बोलला नाही. तो जास्त बोलला नाही की मला भीती वाटते.

२८ मार्च

पोचलो. आमच्या तलासवरून दोन घाट. वर अजून बर्फ. पूर्ण रस्ता मी पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ टेकून. ड्रायव्हर पोरगेलासा. घाबरून विचारतो, "काकू, गाडीत बाळंत वगैरे नाही ना होणार?" सागीन म्हणाला, "तसं झालं तर तुला अर्धं भाडं माफ करायला लावीन." मला हसू आलं. हसल्यावर जे दुखलं — बापरे. नंतर त्याला सांगितलं, मला हसवू नकोस.

२ एप्रिल

फोटो काढले, नळ्या घातल्या, रक्त नेलं. डॉक्टरांनी सागीनला आणि इथंच शहरात राहणाऱ्या नणंदेला, बात्माला, बाहेर बोलावलं. बराच वेळ आत कोणी आलं नाही.

मग सागीन आला. खुर्चीवर बसला. म्हणाला, "स्वादुपिंडाला सूज आहे. जुनी सूज. वेळ लागेल." माझ्यासाठी संत्रं सोलायला घेतलं. सोललं, आणि स्वतःच खाऊन टाकलं. एकेक फोड. मला द्यायचं राहिलंच. 

५ एप्रिल

दुखतंय. लिहीत नाही.

८ एप्रिल

शेजारच्या खाटेवर हालीमा आली. तोकमोक गावची, दुंगान आहे — चिनी मुसलमान. पस्तिशीची असेल. दोन पोरं घरी. तिलाही स्वादुपिंडाचंच. तीही ओणवी बसते. दोघी समोरासमोर ओणव्या! नर्स म्हणाली, "तुमचं काय नमाज चाललाय का दोघींचा?"

हालीमा मला एजे म्हणते — थोरली बहीण. म्हणते, "एजे, चार वर्षं झाली मला. नवरा म्हणतो दुसरी करीन. मी म्हटलं, कर, पण धडधाकट बघ, तिला माझी सेवा करायचीय."

चार वर्षं ऐकून मला धीर आला. माझं तर तीनच महिन्यांचं.

११ एप्रिल

गोळ्या आता लागू पडत नाहीत. खाल्लं की उलटी, नाही खाल्लं की ग्लानी. आज वेगळी डॉक्टर आली. रोझा इसाकोव्ना. भूल देणारी. उंच, हात मात्र लहान मुलासारखे. खाटेवर माझ्याशेजारीच बसली. उभ्या उभ्या बोलली नाही, हे बरं वाटलं.

सुईबद्दल सांगितलं. मला पहिल्यांदा कळलंच नाही. म्हटलं, पुन्हा सांगा. तिनं माझ्याच पाठीवर बोट ठेवून दाखवलं. पोटातलं दुखणं वर डोक्याकडे जातं ते नसांच्या एका जाळ्यातून. ते जाळं पोटाच्या मागं, मणक्याच्या पुढं. तिथं पाठीतून लांब सुई न्यायची — दोन्ही बाजूंनी — आणि औषध सोडायचं. नस बधिर झाली की दुखणं वर पोचत नाही.

"म्हणजे सूज जाईल?"

"नाही. सुई सुजेवर नाही. फक्त दुखण्यावर."

"म्हणजे आत जे आहे ते तसंच राहणार, आणि मला कळणार नाही?"

तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "हो. बरोबर समजलात."

आधी चाचणीची सुई. दात काढताना देतात तसलं औषध. काही तासांत उतरतं. त्यानं आराम पडला तर नस हीच, असं ठरतं. मग खरी सुई. त्यात अल्कोहोल. ते नस जाळतं. आराम काही महिने.

१२ एप्रिल

बात्मा आली. शोर्पो, मटणाचं सूप, घेऊन आली, आणि भांडण घेऊन. "मणक्यात सुई? आमच्या गल्लीतल्या बाईचे पाय गेले सुईनं!" मी म्हटलं, डॉक्टर म्हणाली मणक्यात नाही, मणक्याच्या बाजूनं पुढं. पाय जाण्याची भीती आहे, पण फार क्वचित. आधी यंत्रात बघतात सुई कुठं पोचली ते. बात्मा म्हणाली, "तू डॉक्टर झालीस का? आमच्या ओळखीची एक बाई आहे, हात ठेवते आणि—" सागीन म्हणाला, "बात्मा, हात घरी ठेव तुझ्या त्या बाईचे." इतक्या जोरात तो बहिणीशी कधी बोलत नाही.

संध्याकाळी कुबानिचचा फोन. पोराचा आवाज थकलेला. तिकडे रशियात, नोवोसिबिर्स्कला, अजून बर्फच. इमारतीचं काम जोरात आहे. म्हणाला, "आई, मी येऊ का?" मी म्हटलं, कशाला? तुझे कागद मोठ्या मुश्किलीनं झालेत, एकदा बाहेर पडलास तर परत घेतील की नाही कोण जाणे. शरदात ये. घेवडा काढायला. तोवर मी बरी होते.  मग म्हणाला, "बरं."

बात्मा दारात ऐकत उभी होती. म्हणाली, "बरं केलंस. आजाऱ्याभोवती माणसं गोळा केली की त्याला वाटतं आपलं काही खरं नाही."

१६ एप्रिल

चाचणीची सुई झाली. हे मला नीट लिहायचंय.

पालथं झोपवलं. पोटाखाली उशी. पालथं झोपणं हीच शिक्षा, मी दात आवळून होते. थंड औषधानं पाठ पुसली. आधी कातडी बधिर केली, ती बारीक सुई टोचली. मग मोठी — ती दुखली नाही, दाब कळला. कोणी तरी आतून अंगठ्यानं ढकलतंय तसा. रोझा इसाकोव्ना बोलत होती. "हलू नका. आता यंत्रात बघते. आता रंग सोडतेय. आता औषध." मधेच विचारलं, "घेवडा किती लावता?" मी सांगायला लागले. सांगता सांगता लक्षात आलं, मी सलग बोलतेय. वाक्य मधेच तुटत नाहीये.

दुखणं गेलं होतं.

हळूहळू नाही. होतं, आणि मग नव्हतं. मी रडायला लागले. डॉक्टर म्हणाली, "दुखतंय?" मी म्हटलं, नाही ना. म्हणूनच.

परत आणलं तेव्हा उताणी झोपले. जानेवारीनंतर पहिल्यांदा छत बघितलं. छताला पिवळा डाग आहे. हालीमा म्हणाली, "एजे, छत आवडलं का?" सागीननं बात्माचं शोर्पो गरम करून आणलं, मी वाटीभर प्यायले, वर पाव मागितला. तो पावाचा तुकडा मोडताना खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. म्हटलं, काय बघतोस? म्हणाला, "काही नाही. पार्किंग."

१७ एप्रिल

परत आलं. पहाटेच. पहिल्याहून जास्त वाटतं. मधे सुट्टी मिळाली म्हणून असेल.

१८ एप्रिल

रोझा इसाकोव्नाला सांगितलं, खरी सुई द्या. लवकर द्या. ती म्हणाली, सोमवारी. म्हटलं, आज का नाही? तिनं हात दाबला माझा. लहानसा गरम हात.

२२ एप्रिल

झाली. आज जळलं. औषध गेलं तेव्हा क्षणभर पोटात निखारा ओतल्यासारखं. ओरडले मी. मग थंड.

२४ एप्रिल

दुखत नाही. पण पोट वाहतंय. दोन दिवस नुसती पळापळ. उठले की डोळ्यांपुढं अंधारी, रक्तदाब पडतो. सलाइन लावलंय. असं होतं म्हणे, नसा झोपल्यावर. ओसरेल. सागीन बेडपॅन धरतो. कधी पाण्याचा पेला उचलून न देणारा माणूस! म्हटलं, "लाज वाटते मला." म्हणाला, "म्हातारे, तुझ्यापेक्षा मेंढ्या जास्त घाण करतात." हसले. हसल्यावर दुखलं नाही.

२८ एप्रिल

पोट थांबलं. सलाइन काढलं. आज आवारात फिरले, सागीनच्या दंडाला धरून. अक्रोडाला पालवी आलीय. बाकावर बसलो. उन्हात. मी पाय लांब करून बसले, मागं रेलून, राणीसारखी.

म्हटलं, आता घरी गेलो की पेरणीला आठवडा आहे. खालच्या तुकड्यात पांढरा लावू, गेल्या वर्षी रंगीत पडून राहिला. सागीन हो म्हणाला. पाटाच्या पाण्याची पाळी शेजाऱ्याशी बोलून घे म्हटलं. हो म्हणाला. उगाच कशाला हो म्हणतो? एरवी पांढऱ्या-रंगीतवरून दोन दिवस भांडला असता.

खूप बारीक झालेय मी. अंगठी बोटातून निघून पडली. पण दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरंच की. अजून काय असतं बरं होणं?

३० एप्रिल

झोपले. जेवले. झोपले.

२ मे

उद्या सोडणार.

सकाळी रोझा इसाकोव्ना फेरीला आली. हालीमाला रात्रभर दुखलं होतं. तिला मागच्या आठवड्यात दिलेली सुई साधी, सूज उतरवायच्या औषधाची. तिचा असर संपत आला. हालीमा डॉक्टरवर उखडलीच. "मला का नाही एजेसारखी? मलाही जाळा ना एकदाची! ती बघा कशी लोळतेय, आणि मी चार वर्षं ओणवी. मी काय पाप केलंय?"

रोझा इसाकोव्ना दमलेली होती. रात्रपाळी असावी. म्हणाली, "हालीमा, तुला ती देत नाहीत. जाळलेली नस काही महिन्यांत परत जागी होते, कधी आधीपेक्षा वाईट दुखते. मग पुन्हा जाळायची, पुन्हा धोका. तुला अजून चाळीस वर्षं काढायचीत. ज्याला—"

तिथं थांबली.

माझ्याकडे बघितलं नाही. ते मुद्दाम होतं. हालीमाची चादर नीट केली, जी नीटच होती. मग निघून गेली. हालीमाही माझ्याकडे बघेना. भिंतीकडे वळली. जरा वेळानं, भिंतीकडेच तोंड करून म्हणाली, "एजे, मी मूर्ख आहे. माझं ऐकू नका."

मी उताणीच होते. दुखत नव्हतं. कुठंच काही दुखत नव्हतं. त्यामुळं विचार करायला मोकळी.

ज्याला. ज्याला काही महिनेच पुरतात त्याला.

मी तिला विचारलं होतं — आत आहे ते तसंच राहणार आणि मला कळणार नाही? ती हो म्हणाली होती. तिनं खोटं काहीच सांगितलं नाही. मी सुई समजून घेतली, सुई कोणाला देतात ते विचारलं नाही. संत्रं, बात्माचं दारातलं बोलणं, पांढऱ्या घेवड्याला लगेच हो — सगळं माझ्यासमोरच होतं.

दुपारी सागीन आला. खजूर आणले होते. म्हणाला, "गाडी सांगितलीय उद्याची. हळू चालवणारा बघितलाय." मी त्याच्याकडे बघत राहिले. शर्टाची कॉलर मळली होती, दाढी वाढलीय. हे ओझं घेऊन महिनाभर त्या खुर्चीवर बसलाय हा. एकटा. विचारलं असतं तर रडला असता, इथं, हालीमासमोर. मी म्हटलं, खजूर चांगले आहेत.

राग यायला हवा होता. आला नाही. कुबानिच आठवला. शरदात ये, मीच म्हटलं होतं. शरदात.

३ मे

सागीन कागद आणायला खाली गेला तेवढ्यात कुबानिचला फोन लावला. म्हटलं, बाळा, ये. कागदांचं होईल ते होईल. आत्ता निघ.

 मग म्हणाला, "आई, मी इथंच आहे. दवाखान्याच्या फाटकाशी. मंगळवारपासून आत्याकडे आहे. बाबा म्हणाले, तू दिसलास की तिला कळेल."

मी म्हटलं, वर ये. कळलंय.