शेवटच्या बाकावरचा हात

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मी बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो. कारखान्यात पुन्हा जायला लागलोय. मुकादम खडूस, पण या आठवड्यात त्याने मला हलकं काम दिलंय. तेव्हा माझी काळजी नको. तुला झोप लागते का? आईची खाट इतक्यात हलवू नकोस.

शेवटी ती माझ्याशी काय बोलली, हे तू विचारलंस. तेव्हा सांगवलं नाही.

शाळेत आई शिकवायची त्या वर्गात आपली जागा कायम शेवटच्या बाकावर, आठवतं ना? कितीही हात वर करा, ती आपल्याला विचारायचीच नाही. एकदा मी रडून घर डोक्यावर घेतलं, तर म्हणाली, "तुला येतं हे मला ठाऊक आहे. ज्याला येत नाही, त्याला विचारायला मी पगार घेते."

त्या दिवशी दवाखान्यात तू डॉक्टरांना भेटायला गेलीस आणि नर्सने व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्यासमोर धरला. घसा कोरडा पडेपर्यंत मी "आई, आई" केलं. ती परक्यासारखी भिंतीकडे बघत राहिली. मग काय सुचलं कोण जाणे, मी हात वर केला. तिची नजर वळली. अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाली, "हं, शेवटचा बाक. सांग."

ताई, जन्मात पहिल्यांदा तिने मला विचारलं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. फोन बंद झाला तरी माझा हात वरच होता.

तुझाच,
धाकटा